एक खडक, अनेक मृदा : महाराष्ट्रातील मृदांची घडण आणि पाण्याचा मार्ग

प्रास्ताविक

महाराष्ट्रातील जुन्या ग्रामव्यवस्थेत गावाचे दोन भाग मानले जात : काळी आणि पांढरी. कसण्याची जमीन ती काळी आणि वस्तीची जागा ती पांढरी. ही नावे केवळ रूढीने आलेली नाहीत. काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आक्रसते. तिच्यावर उभारलेल्या भिंतींना तडे जातात. पांढरीची माती पिढ्यान्‌पिढ्यांच्या वस्तीतील राख, शेण आणि पडक्या भिंतींची माती यांपासून बनलेली असते. ती फारशी फुगत नाही, म्हणून धाब्याच्या घरांवर तीच घालण्याचा प्रघात होता. पुरातत्त्वज्ञ प्राचीन वस्तीचा शोध घेताना नदीकाठची पांढरीची टेकाडे पाहतात, ते याच कारणाने. मातीचा गुणधर्म ओळखून तिला नाव देणे आणि त्याप्रमाणे तिचा उपयोग ठरविणे, हे ज्ञान आपल्या समाजाकडे मृदाशास्त्र हा विषय महाविद्यालयांत शिकविला जाण्यापूर्वी कितीतरी काळ होते.

मृदाशास्त्राचे काम या निरीक्षणामागील कारणे सांगण्याचे आहे. या दृष्टीने महाराष्ट्राचा भूभाग विशेष अभ्यासनीय ठरतो. राज्याच्या सुमारे चार पंचमांश भूभागाखाली एकच खडक आहे. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी झालेल्या लाव्हाच्या उद्रेकांतून थरावर थर साचत गेलेला हा बेसाल्ट होय. तरीही या एका खडकापासून सोलापूरची भारी काळी, रत्नागिरीची तांबडी जांभी, पठारावरील मुरमाड बरड आणि पूर्णा खोऱ्यातील खारपाण अशा परस्परांपासून अत्यंत भिन्न मृदा निर्माण झाल्या आहेत. जनक खडक एकच असताना मृदा का बदलते, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रश्न आहे. त्याचे उत्तर पुष्कळ अंशी पाण्यात आहे. किती पाणी आले यापेक्षाही ते मातीतून कोणत्या मार्गाने आणि काय बरोबर घेऊन बाहेर पडले, हे अधिक महत्त्वाचे आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे. हा प्रश्न केवळ शास्त्रीय जिज्ञासेचा नाही. कालव्याचे वा उपशाचे पाणी शेतात आणणारा प्रत्येक शेतकरी नकळत या मार्गात बदल करीत असतो.

मृदेचे घटक

मृदा म्हणजे खडकाचा भुगा नव्हे. पिकास उत्तम अशा मध्यम पोताच्या जमिनीचा एक घनफूट तुकडा घेतला, तर त्यातील जेमतेम निम्मा भाग घन पदार्थांचा असतो. आकारमानाने सुमारे ४५ टक्के खनिज कण, सुमारे ५ टक्के सेंद्रिय पदार्थ, आणि उरलेली निम्मी जागा पोकळ्यांची. या पोकळ्यांत पाणी आणि हवा जवळजवळ समसमान, म्हणजे प्रत्येकी २५ टक्के असावी, ही आदर्श स्थिती मानली जाते. पाठ्यपुस्तकांत हे प्रमाण वर्तुळाकृतीत दाखविलेले असते आणि विद्यार्थी ते पाठ करतात. परंतु आपल्या शेतकऱ्याने या स्थितीला एका शब्दात बांधले आहे : वाफसा. पाऊस पडून गेल्यावर मोठ्या पोकळ्यांतील पाणी खाली निचरले, त्यांत हवा शिरली, लहान पोकळ्यांत मात्र ओल टिकून राहिली, म्हणजे जमीन वाफशावर आली. वाफसा नसताना औत घातले तर माती दबते आणि सुकल्यावर ढेकळे निघतात. वाफसा टळल्यावर घातले तर कुळव वर फिरतो. वाळूमय जमिनीत वाफसा पावसानंतर लवकर येतो आणि लवकर जातो. भारी काळीत तो उशिरा येतो आणि तो साधण्याचे दिवस थोडे असतात. एखाद्या जमिनीत वाफसा किती दिवसांनी येतो, यावरून तिची घडण बरीचशी ओळखता येते.

खनिज कणांचे वर्गीकरण त्यांच्या आकारावरून करतात. २ मिलिमीटरपेक्षा मोठे ते खडे व मुरूम. आंतरराष्ट्रीय पद्धतीनुसार २ ते ०.०२ मिलिमीटरपर्यंत वाळू, ०.०२ ते ०.००२ मिलिमीटरपर्यंत पोयटा आणि त्याहून सूक्ष्म ती चिकणमाती. या तिन्हींच्या प्रमाणास मृदेचा पोत म्हणतात. वाळू आणि पोयटा हे बहुतांशी मूळ खनिजांचेच तुकडे असतात. चिकणमातीची गोष्ट निराळी आहे. ती केवळ अधिक बारीक दळलेली वाळू नाही. खडकातील खनिजे पाण्यात विरघळून त्यांच्या घटकांची नव्याने जुळणी झाल्यावर जे पत्रीदार स्फटिक तयार होतात, त्यांची ती बनलेली असते. या पत्र्यांवर ऋणभार असतो. त्यामुळे कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम, सोडियम यांसारखे धन आयन त्यांना चिकटून राहतात. पिकाचे मूळ हेच आयन घेते आणि त्यांच्या बदल्यात हायड्रोजन आयन देते. जमिनीचा कस ज्याला आपण म्हणतो, त्याचा मोठा भाग या देवघेवीवर अवलंबून आहे. ती किती होऊ शकते, याचे माप म्हणजे धन आयन विनिमय क्षमता.

सेंद्रिय पदार्थांचा वाटा लहान असला तरी त्यांचे कार्य मोठे आहे. कुजून स्थिर झालेला ह्यूमस कणांना बांधून त्यांची रवाळ रचना करतो, ओल धरतो आणि असंख्य सूक्ष्मजीवांचे अन्न बनतो. माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब ०.५० टक्क्यांहून कमी असल्यास तो कमी समजतात आणि ०.७५ टक्क्यांहून अधिक असल्यास भरपूर. उष्ण हवामानात हा कर्ब झपाट्याने जळतो, त्यामुळे पठारावरील कोरडवाहू जमिनींत तो बहुधा खालच्याच वर्गात मोडतो.

बेसाल्टचे विदारण : एका वाटेला फुटलेले दोन फाटे

मृदा ही स्वतंत्र नैसर्गिक वस्तू असून हवामान, जीवसृष्टी, जनक खडक, भूरचना आणि काळ यांच्या संयुक्त क्रियेतून ती घडते, हा विचार रशियन शास्त्रज्ञ डोकुचायेव्ह यांनी मांडला. १८८३ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा रशियातील काळ्या मृदेवरील ग्रंथ या शास्त्राचा पाया समजला जातो. पुढे १९४१ मध्ये हान्स जेनी यांनी हेच पाच घटक समीकरणाच्या रूपात मांडले. महाराष्ट्रात यांपैकी जनक खडक बहुतेक ठिकाणी सारखाच असल्यामुळे इतर घटकांचा परिणाम स्पष्ट दिसतो.

बेसाल्टमध्ये प्रामुख्याने प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार, ऑजाइट आणि लोहाची ऑक्साइडे असतात. वजनाने जवळजवळ निम्मा भाग सिलिका, आणि उरलेल्यात ॲल्युमिना, लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम व थोडा सोडियम. क्वार्ट्‌झ मात्र जवळजवळ नसतेच. क्वार्ट्‌झ हे सहजासहजी न विरघळणारे खनिज असल्यामुळे ग्रॅनाइटपासून बनलेल्या जमिनीत वाळू शिल्लक राहते. बेसाल्ट पूर्ण कुजला की मागे वाळू फारशी उरत नाही, बहुतांशी चिकणमातीच उरते. आपल्या जमिनी एवढ्या चिकण का, याचे पहिले कारण हे आहे.

कार्बन डायऑक्साइड विरघळलेले, किंचित आम्लधर्मी पावसाचे पाणी खडकाच्या भेगांत शिरते आणि खनिजांतून प्रथम सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम व काही सिलिका बाहेर काढते. येथून पुढे दोन फाटे फुटतात. हे पदार्थ पाण्याबरोबर लगेच वाहून गेले नाहीत, आसपासच रेंगाळले, तर सिलिकाचे दोन आणि ॲल्युमिनाचा एक असे पत्रे जुळून स्मेक्टाइट गटातील खनिज तयार होते. मॉन्टमोरिलोनाइट हे त्यातील सर्वपरिचित नाव. याउलट पाणी भरपूर असेल आणि वेगाने निचरून जात असेल, तर कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सिलिकाचाही मोठा भाग निघून जातो. मग सिलिकाचा एक व ॲल्युमिनाचा एक पत्रा असलेले केओलिनाइट बनते. धुपणी आणखी तीव्र झाली तर सिलिका जवळजवळ संपते आणि ॲल्युमिनियम व लोह यांची ऑक्साइडे तेवढी मागे राहतात. कोल्हापूर, रत्नागिरी आणि रायगड या जिल्ह्यांतील बॉक्साइटचे साठे हे या प्रवासाचे शेवटचे टोक होय.

दोन्ही खनिजे डोळ्यांना चिकणमातीच दिसतात, परंतु त्यांच्या स्वभावात कमालीचे अंतर आहे. स्मेक्टाइटचे थर एकमेकांना सैल धरलेले असतात. त्यांमध्ये पाणी शिरू शकते. एक ग्रॅम स्मेक्टाइटच्या सर्व पत्र्यांचा पृष्ठभाग मोजला तर तो ७०० ते ८०० चौरस मीटर भरतो. केओलिनाइटचे थर घट्ट बांधलेले असतात व त्याचा पृष्ठभाग प्रतिग्रॅम १० ते २० चौरस मीटरच असतो. आयन धरून ठेवण्याची क्षमताही बरीच घटते. अर्थात स्मेक्टाइटची काळी जमीन अन्नद्रव्ये आणि पाणी धरून ठेवते, तर केओलिनाइटची तांबडी जमीन त्यांना जाऊ देते.

काळी मृदा

दख्खनच्या पठारावरील भारी काळ्या जमिनीत चिकणमातीचे प्रमाण साधारणतः ४० ते ६० टक्के असते आणि त्यातील बहुतांश स्मेक्टाइट असते. उन्हाळ्यात या जमिनीला कित्येक सेंटिमीटर रुंद आणि मीटरभर खोलपर्यंत जाणाऱ्या भेगा पडतात. पृष्ठभागावरील भुसभुशीत माती, काडीकचरा, शेणखताचे कण या भेगांत पडतात; पावसाळ्यात जमीन फुगली की खाली गेलेली ही माती बाजूच्या मातीला रेटते आणि एक थर दुसऱ्यावरून घसरतो. खड्डा खणून पाहिल्यास आतील ढेकळांवर अशा घर्षणाने आलेली चकाकी दिसते. काळी जमीन आपली आपणच नांगरली जाते, असे जे म्हणतात त्याला एवढा शास्त्रीय आधार आहे. अमेरिकन मृदा वर्गीकरणात या जमिनींना व्हर्टिसॉल हे नाव आहे. ‘उलटणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून ते घडविले आहे.

काळा रंग म्हणजे सुपीकता आणि सुपीकता म्हणजे भरपूर सेंद्रिय पदार्थ, अशी एक समजूत आहे. रशियातील काळ्या मृदेबाबत ती खरी आहे. आपल्या काळीत सेंद्रिय कर्ब बहुधा एक टक्क्याहूनही कमी असतो. टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइटमुळे हा रंग येतो असे पूर्वी मानीत. ह्यूमसचा अल्प अंश स्मेक्टाइटशी घट्ट संयोग पावून सर्व कणांवर पसरतो व त्यामुळे रंग गडद होतो, असे स्पष्टीकरण आता अधिक ग्राह्य धरले जाते. रंग पाहून खताचा हात आखडता घेणे त्यामुळे योग्य ठरत नाही.

या जमिनीचे सामर्थ्य तिच्या खोलीत आहे. एक मीटर खोल भारी काळी जमीन पिकाला मिळू शकेल असा सुमारे दीडशे ते दोनशे मिलिमीटर ओलावा साठवू शकते. सोलापूर, अहिल्यानगर, बीड या भागांत परतीच्या पावसावर पेरलेली शाळू ज्वारी थंडीभर पाण्याचा थेंबही न मिळता हाताशी येते ती या साठ्याच्या बळावर. तिचे वैगुण्यही त्याच स्वभावातून येते. एकदा भेगा मिटल्या की पाणी आत जाण्याचा वेग ताशी काही मिलिमीटरांवर येतो. तसेच कमी पावसाच्या प्रदेशात सुटा झालेला कॅल्शियम पूर्ण धुऊन न जाता चुनखडीच्या रूपाने खालच्या थरांत साचतो. शेतकरी ज्यांना चुनखडे म्हणतात ते पांढरे खडे म्हणजे बाहेर जाऊ न शकलेल्या कॅल्शियमची नोंदच होय.

जांभा आणि जांभी मृदा

सह्याद्रीचा माथा आणि कोकण येथे चित्र पालटते. महाबळेश्वरला वर्षाकाठी सरासरी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, कोकण किनाऱ्यावर साधारणतः २,५०० ते ३,५०० मिलिमीटर, आणि पर्जन्यछायेत असलेल्या पुण्याला सुमारे ७०० मिलिमीटर. शिवाय कोकणात उतार तीव्र आणि समुद्र जवळ. पडलेले पाणी लवकर निघून जाते व जाताना सिलिका आणि क्षार घेऊन जाते. मागे उरलेल्या लोहामुळे मातीला रंग येतो : हेमॅटाइटमुळे तांबडा, गोएथाइटमुळे पिवळट.

या प्रक्रियेतून घट्ट झालेला थर म्हणजे जांभा. फ्रान्सिस बुकानन यांनी मलबारात हा दगड विटांसारखा कापून वापरीत असल्याचे पाहिले आणि १८०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात त्याला लॅटेराइट हे नाव दिले; लॅटिनमध्ये ‘लॅटर’ म्हणजे वीट. कोकणातील चिरेबंदी घरे, विहिरी आणि गडगे याच दगडाचे आहेत. जांभ्याच्या उघड्या सड्यांवर शेती जवळजवळ होत नाही, आणि त्यामुळेच रत्नागिरी-सिंधुदुर्गातील कातळशिल्पे नांगराखाली न जाता टिकून राहिली असावीत.

जांभी मृदा आम्लधर्मी असते. झाडीमुळे तिच्यात सेंद्रिय कर्ब पठारापेक्षा अधिक सापडतो, परंतु दिलेले स्फुरद लोह व ॲल्युमिनियमशी जखडले जाऊन पिकाला दुर्मिळ होते. हापूस आणि काजू यांची मुळे कातळाच्या फटींतून खोल जाऊ शकतात, म्हणून ती येथे रुजली. भात दऱ्यांच्या तळाशी, जेथे वरून वाहून आलेली माती साचते तेथे.

मात्र ‘अधिक पाऊस म्हणजे तांबडी, कमी पाऊस म्हणजे काळी’ असे सोपे सूत्र मांडणे चुकीचे होईल. १९७६ मध्ये नागपूर येथे स्थापन झालेल्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोतील शास्त्रज्ञांनी पश्चिम घाटातील अतिपावसाच्या पट्ट्यातही काळ्या, स्मेक्टाइटयुक्त मृदा असल्याचे दाखवून दिले. त्यामागे बेसाल्टच्या पोकळ्यांतील झिओलाइट खनिजे आहेत. (संग्राहक ज्यांच्या सुंदर स्फटिकांसाठी धडपडतात तीच ही खनिजे.) ती हळूहळू विरघळून कॅल्शियम पुरवीत राहतात, त्यामुळे निक्षालन होऊनही स्मेक्टाइट टिकते. दुसरे असे की, आजच्या शुष्क हवामानात एवढ्या मोठ्या प्रमाणावर स्मेक्टाइट तयार होणे कठीण आहे. पठारावरील बरेचसे स्मेक्टाइट पूर्वीच्या अधिक आर्द्र काळातील असावे, असेही त्यांचे प्रतिपादन आहे. तेव्हा मृदेत आजचे हवामान तेवढे वाचावयाचे नसते.

एकाच शिवारातील भिन्नता

एवढ्या मोठ्या अंतरावर जाण्याचीही गरज नाही. पठारावरील कोणत्याही गावात टेकाडापासून नाल्यापर्यंत सरळ चालत गेल्यास पाऊस सारखाच, खडक सारखाच, तरी जमीन तीनदा बदललेली दिसते. माथ्यावर वीतभर खोलीची, तांबूस, मुरमाड बरड. मध्ये मध्यम खोलीची करडी. तळाशी पुरुषभर खोल काळी. माथ्यावरून पाणी निघून जाते, जाताना बारीक कण आणि विरघळलेले क्षार घेऊन जाते. तळाशी ते थांबते. भारतात पाण्याने होणाऱ्या धुपीचे प्रमाण दर वर्षी दर हेक्टरी सरासरी सुमारे १६ टन आहे, असा अंदाज १९८३ मध्ये मांडण्यात आला होता. एक हेक्टरवरील एक मिलिमीटर जाडीचा थर साधारणतः १३ टन भरतो, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. वरच्या बांधावरील शेतकऱ्याची माती ही खालच्या शेतकऱ्याची खोली बनते, आणि वरचे क्षारही खाली येतात. या दुसऱ्या गोष्टीकडे फारसे कोणी लक्ष देत नाही.

बेसाल्टच्या बाहेरील पूर्व विदर्भातील ग्रॅनाइट व नाइसवरील मृदा हा स्वतंत्र विषय आहे. तेथील भात आणि मालगुजारी तलाव यांचा त्या मृदांशी जवळचा संबंध आहे, एवढी नोंद येथे पुरे.

पाणी येते, परंतु जात नाही

नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला. दुष्काळी पट्ट्यात पाणी आले, ऊस आला, गुळाची गुऱ्हाळे उभी राहिली. पाव शतकाच्या आत खोलगट भागांतील काळ्या जमिनींवर पांढरा थर दिसू लागला. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन आणि ताम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातील क्षारयुक्त जमिनींवर १९१० मध्ये पुस्तिका प्रसिद्ध केली. म्हणजे हा प्रश्न शंभर वर्षांहून अधिक काळ आपल्याला ज्ञात आहे. पुढे प्रवरा आणि कृष्णा खोऱ्यांत, विशेषतः सांगली-कोल्हापूरच्या उसाच्या पट्ट्यात, त्याची पुनरावृत्ती झाली. ज्ञात असलेली गोष्ट पुन्हा पुन्हा का घडावी, याचे कारण अंशतः काळ्या मृदेच्या स्वभावात आहे आणि अंशतः कालव्याची आखणी निचऱ्याच्या आखणीवाचून होते यात आहे.

उसाला पाट पद्धतीने वर्षाला २,००० मिलिमीटरच्या घरात पाणी दिले जाते. त्यात पावसाचे ५००-६०० मिलिमीटर मिळविले, तर देशावरील उसाच्या शेतावर कोकणाएवढे पाणी पडते. फरक असा की, कोकणातील पाण्याला उतार आहे, सच्छिद्र जांभा आहे आणि पुढे समुद्र आहे. काळीतील पाण्याला स्मेक्टाइटचा अडसर आहे. शिवाय पावसाचे पाणी जवळजवळ शुद्ध असते, सिंचनाचे नसते. लिटरमागे अर्धा ग्रॅम क्षार असलेले विहिरीचे पाणी वर्षाला २,००० मिलिमीटर दिले, तर हेक्टरी दोन कोटी लिटर पाण्याबरोबर १० टन क्षार शेतात येतो. पाणी पिकातून आणि पृष्ठभागावरून वाफ होऊन जाते. क्षार मागे राहतो. भूजलाची पातळी दीड-दोन मीटरपर्यंत वर आली की केशाकर्षणाने ते पाणी पृष्ठभागाकडे चढू लागते आणि खालचाही क्षार वर आणते. जमीन प्रथम चिबड होते, नंतर खारवट.

खारवटपणापेक्षा चोपणपणा अधिक घातक आहे. मातीच्या पत्र्यांना कॅल्शियम चिकटलेला असताना कण एकत्र येऊन रवे बनतात, पोकळ्या टिकतात. शुष्क हवामानात हा कॅल्शियम चुनखडी बनून बाजूला पडतो आणि त्याची जागा सोडियम घेतो. सोडियमने वेढलेले कण एकमेकांपासून सुटतात, पोकळ्या बुजवितात, आणि जमीन ओली असताना साबणासारखी निसरडी व सुकल्यावर दगडासारखी होते. विनिमययोग्य सोडियमचे प्रमाण १५ टक्क्यांहून अधिक आणि सामू ८.५ च्या पुढे गेला की जमीन चोपण समजतात. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेला पूर्णेचा खारपाण पट्टा कालव्यामुळे बिघडलेला नाही. तेथे ही क्रिया निसर्गतःच घडली आहे आणि भूजलही खारट आहे. अशा ठिकाणी भरपूर सिंचन आणण्यापूर्वी निचऱ्याचा विचार झाला नाही, तर मूळचा दोष वाढणार हे उघड आहे.

उपायाचे रसायनशास्त्र सोपे आहे. जिप्सम घातल्यास त्यातील कॅल्शियम सोडियमला पत्र्यावरून हुसकावतो आणि सोडियम सल्फेट पाण्यात विरघळते. पण ते विरघळलेले पाणी बाहेर गेले पाहिजे. निचरा नसलेल्या शेतात जिप्सम टाकणे म्हणजे खर्च तेवढा पदरी पडणे. भरपूर पाणी देऊन क्षार ‘धुऊन’ काढण्याचा सल्लाही अशा शेतात उलटतो.

येथे मृदा आरोग्य पत्रिकेचा उल्लेख करणे आवश्यक आहे. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या या योजनेत सामू, विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब आणि नऊ अन्नद्रव्ये अशी १२ परिमाणे तपासली जातात. खतांचा मेळ घालण्यास ती उपयुक्त आहेत, यात शंका नाही. परंतु नमुना वीतभर खोलीवरचा असतो, आणि जमिनीची खोली, पोत, चुनखडीचा थर, भूजलाची पातळी, विनिमययोग्य सोडियम यांपैकी कशाचीही नोंद त्या १२ परिमाणांत होत नाही. प्रस्तुत विवेचनात मृदांमधील भेद ज्या गोष्टींवर अवलंबून असल्याचे दिसून आले, त्याच बहुतांशी पत्रिकेबाहेर राहतात. उसाची लागण करण्यापूर्वी शेताच्या सर्वांत सखल कोपऱ्यात मीटर-दीड मीटर खोल खड्डा घेऊन तो हिवाळ्यात पाहिला, तर चुनखडी कोठे लागते आणि पाणी किती वर आहे, हे कोणत्याही प्रयोगशाळेवाचून समजते. गावोगाव विहिरीची पातळी लिहून ठेवण्याचे काम तर महाविद्यालयाच्या भूगोल विभागांनाही सहज करता येण्याजोगे आहे.

बिघडलेल्या जमिनींसाठी आता भूमिगत निचऱ्याची पद्धत वापरली जाते. सुमारे एक ते दीड मीटर खोलीवर सच्छिद्र नळ्या ठरावीक अंतराने टाकून, त्यांभोवती गाळण गुंडाळून, त्या एका मुख्य नळीला जोडतात. यंत्राने चर घेतल्यास हे काम काही दिवसांत उरकते, आणि क्षार निघून गेल्यावर पडीक जमिनीत पुन्हा पीक उभे राहिल्याची उदाहरणे कृष्णाकाठी आहेत. अडचण तांत्रिक नाही. मुख्य नळीचे पाणी अखेर नाल्यात सोडावे लागते आणि नाल्यापर्यंतची वाट खालच्या शेतांतून जाते. अनेक ठिकाणी नाले गाळाने भरलेले किंवा बांध सरकवून अरुंद केलेले असतात. त्यामुळे नाल्याकाठचे खातेदार संमती देईपर्यंत आणि नाल्याची पातळी नळ्यांच्या तोंडाखाली जाईपर्यंत, वरच्या शिवारात टाकलेल्या नळ्यांतून पाणी बाहेर पडत नाही.